कपाशी घरात राहते, ऊस राहत नाही



आपला चिखलीचा मुलूख घाटावरचा. जुन्या वऱ्हाडात अजिंठ्याच्या रांगेवरील या पट्ट्याला बालाघाट म्हणत, खालच्या पूर्णाकाठाला पयानघाट. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविले. पुढे रयतवारी मोजणी झाली आणि शेतसारा रोख भरणे आले. ज्वारी पोटाला पुरे, पण रोकड आणायची कुठून? कपाशीतून.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावला फाटा गेला. घाटावरच्या गाड्या घाट उतरून कापूस नेऊ लागल्या. युद्ध सरले तसा भावही उतरला. सारा भरायचा तो भरायचाच! सावकाराची वही जाड होत गेली, त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. माल आपला, पण भाव ठरवणारे दुसरेच, हे त्या पिढीने भोगले.

यावर तोड म्हणून १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या सुरू झाल्या. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभारला. १९५०-५१ ला त्याचा पहिला हंगाम झाला.

आता आम्ही शेतकी खात्याची माणसं बांधावर येतो तेव्हा एकच सांगतो. कपाशी भाव नसला तर घरात चार महिने ठेवता येते. ऊस तसा नाही. तोडला की वजन घटू लागते, उतारा पडू लागतो. दिवसभरात गव्हाणीत गेलेला बरा. म्हणून उसवाल्याला थांबायची सोय नाही. कारखाना दुसऱ्याचा असेल, तर देईल तो भाव घेऊन गप बसायचे.

विदर्भात कित्येक सहकारी कारखाने बंद पडले. त्यांची शेतं तिथंच आहेत, गाळपाचा हक्क मात्र गेला. तेव्हा ऊस नोंदवा, नोंदवलेला आपल्याच काट्यावर आणा. विहिरीचं पाणी मोजून द्या, ठिबक करा. घाटावरचं पाणी दोन्हीकडे वाहून जातं, आपल्याकडे थोडंच उरतं.

आणि वार्षिक सभेला या. नुसती सही करून चहा पिऊन जाऊ नका, ताळेबंद वाचा, इचारा! शेअर घेतला म्हणजे मालकी आली. ती चालवायची तर सभेत तोंड उघडावं लागतं.