गुडघेदुखीची गोळी : कुणाची, किती दिवस?

त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्यांवर मध्येच टेकलेल्या आयाबाया पाहिल्या की गुडघेदुखी किती घरांत आहे ते कळते. वैशाखी पौर्णिमेला आम्ही तेथे होतो. एकीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "घे गं, मला लगेच गुण येतो," म्हणत दुसरीला दिली, दुसरीने तिसरीला. उपाशीपोटी, दोन घोट पाण्यावर. मायेनेच दिलेली गोळी, पण आम्हाला आमच्या गल्लीतील मावशी आठवल्या.

मावशींनी उभा जन्म बांधकामावर घमेली वाहिली. गुडघे झिजले. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आराम पडला. मग रिकामी पट्टी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या सात-आठ महिने चालल्या. पुढे धाप लागू लागली, चक्कर येऊ लागली. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, ते लाजेपोटी त्यांनी सुनेलाही सांगितले नाही. दवाखान्यात नेले तेव्हा पोटात व्रण होऊन रक्त जात असल्याचे निघाले. रक्ताच्या बाटल्यांसाठी आम्ही रात्रभर फिरलो. आम्ही डॉक्टर नव्हे, साधे कारकून. पण त्या रात्रीनंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे कळले ते येथे देत आहोत.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही नावे वेगळी, कूळ एकच. सूज आणि दुखणे वाढवणारे द्रव्य शरीरात तयार होते, ते या गोळ्या अडवतात. पण तशीच द्रव्ये जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवायला मदत करतात. म्हणून गुडघ्याला आराम आणि पोटाला इजा, दोन्ही एकाच गोळीने होते. झिजलेली कूर्चा मात्र गोळीने भरून येत नाही. एटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या पोटाला त्यातल्या त्यात सौम्य, पण रक्तदाब आणि हृदयाचा धोका राहतोच. त्याच गटातील रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली जगभरातून मागे घेतले गेले.

अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. देशभर गिधाडे संपत आली ती याच डायक्लोफेनॅकमुळे. औषध टोचलेली गुरे मेली, ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. जनावरांसाठी ते बनवण्यावर सरकारने २००६ साली बंदी आणली. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही, हे खरे. पण ज्याचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, किंवा जो भर उन्हात घाम गाळून पुरेसे पाणी पीत नाही, त्याने ही गोष्ट विसरू नये.

पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारे औषध, पूर्वीचा अल्सर, दमा, सगळे सांगा. अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका. गोळी जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत, सांगितले तेवढेच दिवस. एका वेळी या कुळातली एकच. अंगदुखीच्या जोडगोळीतही ती लपलेली असते, म्हणून नाव वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्या. जेवणानंतर घेतली म्हणजे धोका टळला असेही नाही. पोट जपणारी वेगळी गोळी हवी का, ते डॉक्टरांनाच विचारा. दारू तर सोबत नकोच. काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणे, धाप, पायावर सूज, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि "हमखास गुण" म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. तसल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलेले आहे.

मावशींना आता डॉक्टरांनी गुडघ्यावर चोळायचे मलम दिले आहे. खाली उकिडवे बसणे सोडायला सांगितले. त्यांच्या मुलाने जुन्या खुर्चीला भोक पाडून शौचासाठी सोय केली. सकाळ-संध्याकाळ त्या खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करतात, दहा आकडे मोजतात, खाली ठेवतात. पहिले दोन आठवडे "याने काय होणार" म्हणत होत्या. परवा किराणा दुकानापर्यंत चालत गेल्या, मध्ये एकदाच बसल्या.