जुनी दुनळी: ओळख आणि डागडुजी

जुन्या दुनळी बंदुकीची ओळख नळ्यांच्या तळाशी सापडते. नळ्या उतरवून उलट्या केल्या की चपट्या भागावर चाचणीगृहाचे शिक्के दिसतात. बर्मिंगहॅमच्या १९०४ ते १९५४ दरम्यानच्या शिक्क्यांत मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि धूरविरहित दारूसाठी एनपी ही अक्षरे असतात. धूरविरहित दारूच्या चाचणीचा शिक्का नसलेल्या नळीत आजचे काडतूस घालूच नये.

बारा बोअर म्हणजे सुमारे १८.५ मिमी व्यास: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एकीचा असेल तेवढा. अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाचे घर अडीच इंची असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात बिनबोभाट बसते, पण उडताना त्याचे दुमडलेले तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. खरा धोका हाच.

नळ्या दोरीला टांगून हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर मधल्या पट्टीचा डाक शाबूत. बद्द आवाज आला तर सुटलेला.

गोराईसारख्या खाडीकाठच्या गावात खारी हवा लोखंड खाते. गंज तेलात भिजवून मऊ कापडाने काढावा. पॉलिशचे चाक फिरवले की शिक्के पुसले जातात, आणि बंदुकीचा इतिहासही. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल पुरते. यंत्रणेची दुरुस्ती मात्र परवानाधारक कारागिराकडेच; १९५९चा शस्त्र कायदा तसे बंधन घालतो. वारसाला बंदूक ठेवायची तर स्वतःच्या नावे परवाना लागतो. शिकारीवर १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. कोकणात अशा बंदुका शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आढळतात.