मधुमेह्याच्या मुखातील काळा डाग

शिळ्या भाकरीवर करड्या कापसासारखी जी लव उगवते, तीत पुष्कळदा ऱ्हायझोपस वंशाची बुरशी असते. तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजत्या पाल्यात सर्वत्र असून श्वासावाटे आपल्या नाकात नित्य जातात. निरोगी शरीरातील श्वेतपेशी त्यांचा तेथेच निकाल लावतात.

मधुमेह्याची गोष्ट वेगळी. रक्तातील शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे श्वेतपेशी मंदावतात. त्यातच कीटोनद्रव्ये साचून रक्ताची आम्लता वाढली, तर लोहाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची पकड सैल होते व मोकळे झालेले लोह बुरशीच्या आयतेच उपयोगी पडते. मग ती नाकालगतच्या पोकळ्यांत रुजते. तेथून खाली टाळूकडे, वर डोळ्याकडे व मेंदूकडे पसरते. हाच म्यूकरमायकोसिस होय.

हा रोग नवा नव्हे. पाल्टाउफ यांनी १८८५ मध्येच त्याचे वर्णन केले होते. परंतु २०२१ मध्ये कोव्हिडवरील स्टेरॉइडांनी अनेकांची शर्करा भडकली आणि भारतात त्याची साथच उसळली. महाराष्ट्र व गुजरात येथे रुग्ण विशेष आढळले. लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीनजीकच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतही त्यांवर उपचार झाले. मे महिन्यात केंद्र शासनाने राज्यांना प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले.

त्या वेळी रूढ झालेले ‘काळी बुरशी’ हे नाव मात्र फसवे आहे. बुरशी काळी नसते. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरून रक्त गोठवितात, आणि रक्तावाचून मेलेला मांसभाग काळा पडतो. म्हणजे काळा डाग दिसेपर्यंत बराच नाश होऊन गेलेला असतो! आधीची चिन्हे साधी वाटतात: एका बाजूचा गाल बधिर होणे, चेहऱ्यावर सूज, नाकातून काळपट स्राव, आणि वरचे दात विनाकारण हलू लागणे. मधुमेह्याने असा दात नुसता उपटून घेऊन स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

जिभेवर साचणारा, पुसता येणारा पांढरा थर निराळा. तो कॅन्डिडा या बुरशीचा असतो व बहुधा साध्या औषधाने जातो. त्यावरील हॅमायसिन हे औषध १९६० च्या दशकात आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येच शोधले गेले.

म्यूकरमायकोसिसवर केवळ औषध पुरत नाही, कारण रक्तप्रवाह बंद पडलेल्या भागात ते पोहोचणारच कसे? म्हणून शर्करा ताब्यात आणणे, शिरेतून अँफोटेरिसिन-बी देणे आणि मृत भाग कापून काढणे ही तिन्ही कामे एकदमच करावी लागतात. पुष्कळदा टाळूचा भागही जातो. जखम भरल्यावर दंतवैद्य तेथे मापाने घडविलेली कृत्रिम टाळू बसवितात. तिच्यामुळे प्यालेले पाणी नाकात येणे थांबते व रुग्णाचे बोलणे पुन्हा समजू लागते.