मंडालेमार्गे अमरावती

ऑक्टोबर 1910. दोन वर्षांहून अधिक काळ विलायतेत काढून अमरावतीचे एक नामांकित वकील मायदेशी निघाले होते. वय 56, घर वाट पाहतेय, वकिली बुडालेली. तरी त्यांनी सरळ घरचा रस्ता धरला नाही. आधी रंगून गाठले, तिथून मंडालेच्या तुरुंगात जाऊन मित्राची भेट घेतली आणि मगच कलकत्त्यामार्गे अमरावतीला आले. हे वकील म्हणजे दादासाहेब खापर्डे, आणि तुरुंगातला मित्र म्हणजे लोकमान्य टिळक.

खापर्डे 1854 चे, टिळक 1856 चे. 1897 मध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे होते आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत गजाआड. 1908 च्या उन्हाळ्यात टिळक अकोल्याच्या शिवजयंतीला आले. पुढे जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. बावन्न वर्षांचा, मधुमेहाने पोखरलेला माणूस मंडालेहून परत येईल, याची खात्री कोणाला होती? खापर्डे प्रिव्ही कौन्सिलमधल्या अपिलासाठी विलायतेला गेले. अपील फेटाळले गेले.

मंडालेची ती भेट शेवटची ठरली असती. ठरली नाही. 1914 मध्ये टिळक सुटले, 1919 मध्ये होमरूलच्या कामासाठी दोघेही लंडनमध्ये होते.

1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. तेव्हा खापर्डे सहासष्टीला टेकले होते. राजकारणाची दिशा बदलली. गांधीजींचे असहकाराचे धोरण त्यांना मानवले नाही. मित्रामागे ते जवळजवळ अठरा वर्षे जगले आणि 1 जुलै 1938 रोजी त्यांचे निधन झाले. अनेक दशके लिहिलेल्या त्यांच्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

म्हातारपणी मित्र जातो तेव्हा नेमके काय जाते? बायकोमुलांना ठाऊक नसलेला आपला तरुणपणाचा काळ जाणणारा साक्षीदार जातो. नाव घेऊन अरेतुरे करणारा शेवटचा माणूस जातो. आणि या दुःखाला आपल्याकडे जागा नाही. घरच्यांना सुतक असते, तेरवी असते, भेटायला येणारे असतात. मित्र मात्र मोक्षधामातून परततो, आंघोळ करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी काही विचारत नाही. गुडघे धरलेले असले, ऐकू कमी येत असले, तर तेवढेही जमत नाही. बातमी कळते ती फोनवर किंवा पेपरातल्या फोटोवरून.

घरचेही पुष्कळदा चुकतात. ‘बाबांना त्रास होईल’ म्हणून मित्राचे आजारपण लपवतात, नंतर मृत्यूही. त्रास वाचत नाही. फक्त भेट हुकते.

खापर्डे मित्रासाठी मंडालेपर्यंत गेले; आपल्याला तेवढे लांब जायचे नाही. अकोला ते अमरावती रस्त्याने शंभरेक किलोमीटर, रेल्वेने बडनेऱ्यापर्यंत त्याहूनही कमी. घरातल्या आजोबांना, आजीला या आठवड्यात एवढेच विचारा: तुमचे जुने कोण कोण आहेत, आणि कुठे असतात? फोन लावून द्या, आणि त्यांची प्रकृती साथ देत असेल तर येत्या रविवारी त्यांना गाडीत बसवून भेटवून आणा.