पॉइंट की चितपट? जत्रेचा फड, मॅट आणि फायटिंग गेम, तिघांपुढचा एकच प्रश्न

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राला एकाच महिन्यात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ मिळाले. कुस्तीच्या दोन संघटनांमध्ये वाद होता, त्यामुळे स्पर्धाही दोन झाल्या. पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवलं. त्याच महिन्यात धाराशिवला झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत त्याच शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली.

खरा महाराष्ट्र केसरी कोण, यावर तेव्हा सोशल मीडियावर बरंच रण माजलं. पण फुलगावची अंतिम कुस्ती कोणी जिंकली, यावर कोणी वाद घातला नाही. सिकंदरने झोळी डाव टाकला, अर्ध्या मिनिटाच्या आत शिवराज पाठीवर होता. कुस्तीतलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही मोबाइलवर ती क्लिप पाहून निकाल कळत होता.

त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात नेमकं उलट घडलं होतं. महेंद्र गायकवाडने सिकंदरवर बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर खरंच ‘धोक्याच्या स्थितीत’ पडला होता का, यावर गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं झाली. लोक व्हिडिओ थांबवून थांबवून सिकंदरच्या पाठीचा कोन मोजत होते.

एक कुस्ती पाहताक्षणी कळली, दुसरी समजून घ्यायला नियमांचं पुस्तक लागलं. सहज पाहायला आलेल्या माणसालाही मजा यावी आणि आयुष्य घालवणाऱ्या खेळाडूलाही न्याय मिळावा, असे नियम कसे करायचे? लढतीच्या प्रत्येक खेळापुढे हा प्रश्न असतो. तालमीतल्या कुस्तीपुढे आहे, तसाच ‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘टेकन’सारखे फायटिंग गेम बनवणाऱ्यांपुढेही आहे.

जत्रेच्या फडाचा नियम एका वाक्याचा

धाराशिव असो, सोलापूर असो की कोल्हापूर, जत्रेतला कुस्त्यांचा फड साधारण सारखाच असतो. हलगी कडाडत असते, माणसं गोल करून बसलेली असतात आणि निवेदक माईकवरून पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद आणि लागलेला डाव सांगत असतो.

नियम एकच. समोरच्याची पाठ मातीला लावायची. निकाली कुस्तीत पूर्वी वेळेचं बंधनही नसायचं. कोणीच पडत नाही असं दिसलं की पंच कुस्ती बरोबरीत सोडवायचे.

पण या साध्या नियमाभोवतीची रचना मोठी हुशार आहे. फडाची सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होते, त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची असते. म्हणजे पहिल्यांदा लंगोट लावणारं पोरगं आणि नामांकित मल्ल एकाच मातीत, एकाच नियमाने खेळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड. कोणाची कुस्ती कोणाशी लावायची, हे जाणती माणसं दोघांची अंगकाठी आणि तयारी पाहून ठरवतात. जोड विजोड झाली तर मजा जाते आणि पोरगं जायबंदी होण्याची भीतीही असते. ऑनलाइन गेममध्ये तुमच्यासमोर तुमच्याच ताकदीचा खेळाडू आणणारी यंत्रणा असते. ती हेच काम करते.

तिसरा तो निवेदक. ‘धोबीपछाड’ म्हणजे काय हे नवख्याला माहीत नसतं. निवेदक नाव घेतो, समोर डाव दिसतो आणि दोन जत्रांत माणूस जाणकार होतो.

मग पॉइंट आले कशाला?

कारण जत्रेच्या नियमात न्यायाची एक अडचण आहे. एक पैलवान पूर्ण वेळ आक्रमण करतो, दुसरा नुसता अंग चोरतो आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सुटते. जत्रेत हे चालून जातं. राष्ट्रीय संघ निवडायचा असेल तर चालत नाही.

म्हणून मॅटवर गुण आले. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला की २ गुण. त्याची पाठ मॅटकडे वळवली की २. उभ्याने उचलून थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं तर ४ आणि फेक खूप मोठी असेल तर ५. वर्तुळाबाहेर ढकललं की १. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. अंग चोरणाऱ्याला पंच ताकीद देतात आणि मग ३० सेकंदांत गुण मिळवायला लावतात. ते जमलं नाही तर समोरच्याला १ गुण मिळतो. चितपट मात्र आजही सगळ्यांच्या वर आहे. नऊ गुणांनी मागे असलेला मल्लही चितपट करून जिंकू शकतो.

मातीतून मॅटवर जाणं किती अवघड असतं, हे खाशाबा जाधवांच्या वाटचालीत दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

२०१३: कुस्ती ऑलिम्पिकबाहेर जाता जाता राहिली

नियम फसले तर काय होतं, हे कुस्तीने फार जवळून पाहिलं आहे. २००५ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत दोन-दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्या होत्या, त्यातल्या दोन जिंकणारा विजयी. पहिल्या फेरीत कितीही गुण मिळवले तरी दुसऱ्या फेरीत पाटी कोरी व्हायची. प्रत्येक फेरीत चुरस राहावी म्हणून केलेली ही रचना होती.

त्यात आणखी एक विचित्र तरतूद होती. फेरी ०-० सुटली तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळायची. पाय आयताच हातात आल्यावर गुण मिळवणं सोपं. म्हणजे वर्षानुवर्षांचा घाम एका चेंडूवर.

प्रेक्षकाला हे कळत नव्हतं आणि मल्लाला पटत नव्हतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला २०२० च्या मुख्य खेळांमधून वगळण्याची शिफारस केली. जागतिक संघटनेचे अध्यक्ष पायउतार झाले. मे महिन्यात नियम बदलले. तीनऐवजी दोन फेऱ्या झाल्या, गुणांची बेरीज सलग धरली जाऊ लागली आणि चेंडू गेला. सप्टेंबरमध्ये कुस्तीला ऑलिम्पिकमध्ये पुन्हा जागा मिळाली. त्या निर्णयामागे इतरही कारणं होती, पण नियम सुटसुटीत करणं हा खेळ वाचवण्याचा महत्त्वाचा भाग होता.

फायटिंग गेमवाल्यांचं दुखणंही हेच

ज्यांनी प्लेस्टेशनच्या दुकानात ताशी पैसे मोजून ‘टेकन ३’ खेळला आहे, त्यांना एडी गोर्डो आठवत असेल. त्याला घ्यायचं आणि मिळेल ते बटण बडवायचं. एडी हातांवर उभा राहून असा काही लाथा मारायचा की सराव केलेला मित्रही हैराण व्हायचा. नवख्याला जिंकल्याचा आनंद मिळायचा, जाणकार चिडायचा. पण एडीच्या ठराविक चाली ओळखून अडवायला शिकलेल्या मुलासमोर बटण बडवणारा टिकत नसे. पहिली पायरी सोपी होती, पुढच्या पायऱ्या शाबूत होत्या.

चेंडूसारखी चूक गेमवाल्यांनीही केली. २००८ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ मध्ये धावताना तुमचं पात्र अधूनमधून आपोआप घसरून पडायचं. पूर्ण नशिबाचा भाग. स्पर्धेत खेळणाऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही. अनेक जण २००१ चा जुना ‘मेली’च खेळत राहिले. पुढच्या गेममध्ये ते घसरणं काढून टाकावं लागलं.

जून २०२३ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ ने वेगळा मार्ग काढला. या मालिकेत आगीचा गोळा फेकायचा तर काठी पाव वर्तुळात फिरवून योग्य क्षणी बटण दाबावं लागतं. ते हातात बसायलाच कित्येक दिवस जातात. नव्या गेममध्ये ‘मॉडर्न’ नावाची सोपी पद्धत दिली, त्यात एका बटणावर गोळा निघतो. पण अशा सोप्या बटणाने मारलेल्या विशेष डावाचा मार जुन्या पद्धतीपेक्षा २० टक्के कमी ठेवला. शिवाय काही चाली त्या पद्धतीत मिळतच नाहीत. सोय घ्यायची तर थोडी किंमत मोजायची. नवखा आणि कसलेला दोघंही एकाच रिंगणात उतरू शकतात.

सोपं करायचं तर काय सोपं करायचं?

ही सगळी उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. खेळात येण्याची वाट सोपी करता येते, निकाल समजणं सोपं करता येतं. त्याने जाणकाराचं काही जात नाही. रेवडीवरची कुस्ती, निवेदकाचा आवाज, एका बटणाचा गोळा ही त्याचीच रूपं आहेत.

पण जिंकणंच सोपं करायला गेलं, म्हणजे कसबाची जागा नशिबाला दिली, की दोन्हीकडचे लोक हातचे जातात. जाणकाराला ती फसवणूक वाटते. नवख्यालाही लवकरच कळतं की इथे शिकण्यासारखं काही नाही.

महाराष्ट्र केसरीत नेमकं कुठे अडतं?

१९६१ पासून होणाऱ्या या स्पर्धेने मधला रस्ता धरला आहे. माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग आहेत आणि दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत भिडतात. जत्रेत घडलेल्या मल्लालाही वाव आहे, ऑलिम्पिकची तयारी करणाऱ्यालाही. आता मातीतही गुण मोजले जातात.

अडतं ते निकाल दिसण्यापाशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत पंचांनी शिवराज राक्षेला चितपट ठरवलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ पाहा, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मॅट सोडून गेला आणि पृथ्वीराज विजेता ठरला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर हात उगारण्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण वाद पॉइंटवर नव्हता, चितपटवर होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. जो निकाल सगळ्यांना दिसतो म्हणून जत्रेत निर्विवाद मानला जातो, तोही सेकंदाच्या काही भागात घडला की दिसत नाही. हजारो प्रेक्षकांच्या हातात कॅमेरे आहेत. त्यांना घरी जाऊन जे पाहता येतं, ते पंचांनी मैदानातल्या पडद्यावर सगळ्यांसमोर पाहून निर्णय सांगितला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील. त्यासाठी एकही डाव सोपा करावा लागणार नाही.

पुढची क्लिप शेअर करण्याआधी

मोबाइलवर कुस्तीची वादग्रस्त क्लिप आली तर तीन गोष्टी पाहाव्यात. पडणाऱ्याची पाठ मॅटकडे वळली होती की तो कुशीवर किंवा पोटावर पडला? फेक उभ्याने झाली की आधीच खाली असताना? चितपट दिली असेल तर दोन्ही खांदे एकाच वेळी टेकून, पंचाला ताबा दिसेल इतपत थांबले होते का?

पहिल्या दोन उत्तरांवर दोन गुण की चार, हे ठरतं. तिसऱ्यावर कुस्ती संपते. कॅमेरा एकाच बाजूला असेल तर या तिन्हींची खात्री करता येत नाही. अशा वेळी ‘अन्याय झाला’ असं लिहून क्लिप पुढे ढकलण्याआधी दुसऱ्या बाजूची क्लिप शोधलेली बरी. त्या मॅटवर दोन्ही बाजूंनी कित्येक वर्षांचा घाम असतो.