लवळ्याचे पाणी, वेळासची वाळू

माझी भाची लवळ्याला शिकते. मुळशी तालुक्यातले हे गाव एकेकाळी भातखाचरांचे. आता तिथल्या टेकड्यांवर विद्यापीठांच्या इमारती उभ्या आहेत आणि गावच्या रस्त्यावर देशभरातल्या भाषा ऐकू येतात. गेल्या मार्चमध्ये एका सोमवारी ती घरी आली, तीच बुटांतून वाळू सांडत. शनिवार-रविवार मैत्रिणींबरोबर वेळासला कासवे पाहायला गेली होती. आईची बोलणी खाऊन झाल्यावर जेवताना तिने मलाच कोड्यात टाकले. ‘‘मामा, लवळ्याचा आणि समुद्राचा संबंध काय, सांग बघू.’’

मी म्हटले, संबंध कसला? मध्ये आख्खा सह्याद्री आडवा.

पण पोरीचे म्हणणे खरे होते. लवळ्याचे ओढे मुळेला मिळतात. मुळा पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालचा उपसागर. याच मुळेवर वरच्या अंगाला मुळशीचे धरण आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. शेती बुडाली, धरण झाले, आणि त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाऊ लागले. तिथून ते कुंडलिका नदीतून रेवदंड्याला, अरबी समुद्रात. म्हणजे एकाच तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना जाते. आपण ओढ्यात टाकलेली पिशवीही अर्थात त्याच वाटेने जाते.

हे सारे तिला वर्गात कोणी शिकवले नव्हते. वेळासच्या अंगणात, रात्रीच्या जेवणानंतर गप्पांत निघाले होते. मला कुतूहल वाटले ते या वर्गाबाहेरच्या शाळेचे, आणि ती उभी करणाऱ्या माणसांचे.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, बाणकोटच्या खाडीजवळचे लहानसे गाव. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख असे, इतकेच. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली या किनाऱ्यावर आले तेही कासवांसाठी नव्हे. ते समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत होते. वाळूत त्यांना अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की हिवाळ्यात कासविणी इथे अंडी घालून जातात आणि ती अंडी माणसे उकरून नेतात. खायला, विकायला. वन्यजीव कायद्याने या कासवाला वाघाइतकेच संरक्षण दिलेले होते. पण वेळासच्या वाळूपर्यंत कायदा पोचलेला नव्हता.

इथे दोन वाटा होत्या. एक, तक्रार करून पोलीस आणायचे. दुसरी, अंडी कुठे असतात हे ज्यांना नेमके ठाऊक त्यांच्याच हाती राखण द्यायची. संस्थेने दुसरी निवडली. वाळूवरचा कासविणीचा माग ओळखायला पुस्तकी ज्ञान पुरत नाही, त्याला वर्षानुवर्षे पहाटे किनारा तुडवलेला असावा लागतो. वेळासचेच मोहन उपाध्ये या कामात पडले, आणि पुढे किनाऱ्यावरच्या इतर गावांतल्या तरुणांना हे काम शिकवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. आज कोकणात अशा राखणदारांना ‘कासवमित्र’ म्हणतात.

काम ऐकायला सोपे आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री आणि पहाटे किनाऱ्यावर फेरी मारायची. माग दिसला की घरटे शोधायचे. एकेका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ सालीची. ती न उलटवता, न हिंदकळवता उचलायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. तारीख लिहायची. मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट पाहायची, कोल्ह्या-कुत्र्यांना दूर ठेवायचे. पिल्ले बाहेर येऊ लागली की ती मोजून, थोडी दूर वाळूवर सोडायची. पाण्यापर्यंतचे अंतर त्यांनी स्वतः चालून जायचे.

पण थंडीतल्या रात्री, रोज, चार-पाच महिने? हंगामापुरत्या मानधनावर? गावातला धडधाकट मुलगा मुंबईला नोकरीला जाणार की वाळूत फेऱ्या मारणार? या प्रश्नाचे वेळासपुरते उत्तर २००६ साली सुरू झालेल्या कासव महोत्सवाने दिले. पाहुणे आले, त्यांना राहायला हॉटेल नव्हते, म्हणून ते गावकऱ्यांच्या घरी उतरले. पडवीत गाद्या, पानात भात, आमटी, सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. अंड्यांतून मिळत असे त्यापेक्षा अधिक पैसा पिल्लांतून मिळू लागला, आणि तोही ज्यांच्या हातात क्वचित पैसा येई त्या घरच्या बायकांच्या हातात. पुढे वनविभागानेही हे काम अंगावर घेतले आणि अनेक गावांपर्यंत ते पसरले.

कासव मात्र वेळापत्रक पाळत नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी टोपली उचलतात, आणि कधी खाली नुसती वाळू असते. सहा तास गाडीत बसून आलेली कुटुंबे तेव्हा ज्या चेहऱ्याने पाहतात, तो चेहरा मी ओळखतो. तिकीट काढून पडदा न उघडल्याचा तो चेहरा. भाचीच्या वाट्यालाही शनिवारी रिकामी टोपली आली. पण त्यामुळेच ती राखणदाराजवळ बसली, आणि तिला असे काही कळले जे पिल्ले पाहून कळले नसते. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. थंड वाळूत नर जास्त, तापलेल्या वाळूत माद्या. उन्हाळा वाढत गेला तर नुसत्या माद्याच जन्मतील काय, ही आज जगभरच्या अभ्यासकांची चिंता आहे. समुद्र पुळण खातो आहे, ही किनाऱ्यावरच्या गावांची दुसरी.

आणि या पिल्लांचे पुढे होते काय? वर्षानुवर्षे हा प्रश्न लाटेशीच संपत असे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले गेले. पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिलीच, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे आपापल्या समुद्रात राहत असावीत, असा तोवर समज होता. त्यावर कडी झाली जानेवारी २०२५ मध्ये. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पायाला धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो तिला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता! मुळशीच्या पाण्यासारखी तीही दोन्ही समुद्रांची निघाली.

समुद्राची ही शिकवणी फक्त कोकणात चालते असे नाही. पाण्यावरच्या खेळांमुळे जुहूच्या समुद्राशी ज्यांची रोजची ओळख, त्या प्रदीप पाताडे यांनी २०१७ साली दोन तरुण सहकाऱ्यांसह ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर लोकांना घेऊन हिंडायचे, वाकून पाहायचे, फोटो काढून नोंद ठेवायची. ज्या हाजी अलीच्या किनाऱ्याकडे मुंबईकर नाक दाबून पाहतो, तिथे प्रवाळ आहेत, समुद्रफुले आहेत, माखूळही सापडते. किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ खडकावरून काढून दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा ‘मुंबईत प्रवाळ?’ असे विचारणाऱ्यांची संख्या बरीच होती. ज्यांनी त्या खडकांवर मुलांना वाकायला शिकवले होते, त्यांना विचारावे लागले नाही.

भाचीची पुढची मोहीम आता तिकडे आहे. परवा ती आली आणि सरळ स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर पसरून बसली. कोळ्यांचा जुना हिशेब तिला वेळासला कोणी तरी सांगितला होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

‘‘पौर्णिमेला किती गं?’’ आईने पोळी लाटता लाटता विचारले.

‘‘पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला,’’ ती म्हणाली. ‘‘लवळ्याहून मध्यरात्रीच निघावं लागेल. मामा, गाडी देशील?’’