नेमाची शांती : गुरुदेव रानडे यांच्या चरित्राच्या आधारे एक विचार

साधी राहणी आणि संतांवरील निष्ठा यांमुळे मनाला शांती लाभते, हे विधान आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेले असते की, ते नेमके कसे घडते हे विचारावयाचे राहूनच जाते. गरिबी तर अनेकांच्या वाट्याला येते. परंतु तिच्यामागून शांती येतेच असे नाही. भक्तीही पुष्कळ जण करतात, आणि तरी त्यांचे चित्त तळमळत राहते. तेव्हा साधेपणा आणि भक्ती यांना जोडणारे आणखी काही असले पाहिजे. ते काय असावे, हे मला एका चरित्राच्या आधारे मांडावयाचे आहे. हे चरित्र आपल्या सीमाभागातले आहे, आणि ते एका अध्यापकाचे आहे; म्हणून शाळेने योजिलेल्या या व्याख्यानमालेत ते उचित ठरेल असे वाटते.

रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथे विद्यार्थी असतानाच, १९०१ साली, त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह लाभला. पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय येथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. गंगानाथ झा कुलगुरू असताना ते अलाहाबाद विद्यापीठात गेले, तेथे तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि कुलगुरुपदाची धुराही त्यांनी काही काळ वाहिली. १९४६ साली निवृत्त झाल्यावर ते विजापूर भागातील निंबाळ या खेड्यात कायमचे राहिले आणि ६ जून १९५७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. लोक त्यांना गुरुदेव म्हणू लागले ते त्यांच्या पदव्यांमुळे नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

ज्या परंपरेत त्यांना अनुग्रह मिळाला तिचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. सिद्धगिरीच्या काडसिद्ध परंपरेतून उपदेश घेतलेले निंबरगी महाराज हे या शाखेचे मूळ पुरुष. ते प्रपंचात राहून, हातांनी कष्ट करून पोट भरणारे गृहस्थ होते. त्यांच्या परंपरेतील भाऊसाहेब महाराज हे उमदीच्या देशपांडे घराण्यातले. १९१४ साली त्यांनी इंचगेरी येथे देह ठेवला, आणि संप्रदायाला त्या गावाचे नाव मिळाले. या संप्रदायात भगवी वस्त्रे नाहीत, घर सोडण्याची आज्ञा नाही, चमत्कारांचे कौतुक नाही. दिवसातून ठरलेल्या वेळी नामस्मरण, भजन आणि दासबोधाचे वाचन, एवढाच तेथील नेम. हा नेम शेतकऱ्याला जसा लागू, तसाच प्राध्यापकालाही.

साधेपणाचा खरा अर्थ मला या नेमात सापडतो. नामस्मरणाला रोज काही तास द्यावयाचे, असे एकदा ठरले की, ते तास कोठून आणावयाचे हा प्रश्न उभा राहतो. दिवस सर्वांनाच सारखा मिळतो. तेव्हा कपड्यांचा विचार, जेवणाचे चोचले, मानापमानाच्या गोष्टी, निष्कारण भेटीगाठी, यांतूनच तो वेळ वाचवावा लागतो. गुरुदेवांचा आहार अत्यंत मोजका होता आणि गरजा फारच थोड्या होत्या. पण आपण फार मोठा त्याग करीत आहोत, असा आविर्भाव त्यात नव्हता. ज्याला पहाटेची गाडी गाठावयाची असते तो सामान कमी घेतो. त्याला आपण विरक्त म्हणत नाही. साधी राहणी ही अशी हेतुपूर्वक असली म्हणजे टिकते. हेतूवाचून केलेला साधेपणा मात्र थोड्याच दिवसांत एक तर कंटाळा होतो, नाही तर अहंकार.

या नेमाची परीक्षा लवकरच झाली. १९०७ साली बी.ए. झाल्यानंतर ऐन तारुण्यात त्यांना जिवावरच्या दुखण्याने गाठले, आणि एम.ए. व्हावयास १९१४ साल उजाडले. बुद्धिमान तरुणाची उमेदीची वर्षे अंथरुणात जावीत, यापरते मनःशांती घालविणारे दुसरे काय असणार? त्या काळात त्यांनी नामाचा आधार अधिक घट्ट धरला. दुखणे ओसरले, तरी प्रकृती जन्मभर नाजूकच राहिली. येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. शांती म्हणजे अडचणींचा अभाव, अशी आपली समजूत असते. ती खरी मानली तर या मनुष्याला शांती लाभण्याचा संभवच नव्हता.

संतांवर अशी निष्ठा ठेवणाऱ्याने आपली बुद्धी गहाण टाकली असे कोणी म्हणेल, तर गुरुदेवांचे ग्रंथ पाहावेत. त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञांवर लिहिले, उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला, आणि १९३३ साली महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ पुण्यात छापला गेला. त्यात त्यांनी ज्ञानेश्वरांच्या भूमिकेला बुद्धिप्रधान, एकनाथांच्या भूमिकेला समन्वयात्मक, तुकारामांच्या भूमिकेला व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांच्या भूमिकेला कर्मप्रधान ठरविले. इतकेच करून ते थांबले नाहीत. साक्षात्कार खरा की भ्रम, हे ओळखावयाचे कसे, असा प्रश्न त्यांनी विचारला. देशोदेशींच्या संतांच्या अनुभवांत मेळ आहे काय, त्या अनुभवाने बुद्धी अधिक स्वच्छ झाली काय, भावना शुद्ध झाल्या काय, आणि आचरण सुधारले काय, अशा कसोट्यांवर त्यांनी तो तपासला. भक्ताने अशी तपासणी करावी यात निष्ठेची हानी नाही. उलट तपासणीला भिणारी निष्ठा कच्ची असते.

हाच विद्वान दुसऱ्या बाजूने किती नम्र होता तेही पाहण्यासारखे आहे. भाऊसाहेब महाराजांच्या पश्चात जिगजीवणीचे अंबुराव महाराज १९३३ पर्यंत संप्रदायाचे वडीलधारे होते. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या गुरुबंधूंना गुरुदेवांनी कायम वडिलांचा मान दिला. विद्येने आलेला ताठा मनाला किती अशांत ठेवतो, हे आपणां शिकलेल्या लोकांना ठाऊक आहे. कोणापुढे तरी मनापासून वाकता येणे, हा त्यावरचा उपाय आहे. संतभक्तीचा मानसिक लाभ सांगावयाचा तर मी प्रथम हाच सांगेन.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख या भागात राहून केल्याविना राहवत नाही. इंचगेरी संप्रदायाच्या बैठकीत कानडी मातृभाषा असलेली माणसे समर्थांचा मराठी दासबोध नेमाने वाचतात. निंबरगी महाराजांचा बोध कानडीत आहे, आणि मराठी घरांतूनही तो आदराने ऐकला जातो. गुरुदेवांनी मराठी संतांबरोबर हिंदी आणि कन्नड संतांवरही स्वतंत्र ग्रंथरचना केली. त्यांपैकी हिंदी संतांवरील ग्रंथ १९५४ साली, तर कन्नड संतांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६० साली प्रसिद्ध झाला. बेळगावात हिंदवाडी येथील गुरुदेव रानडे मंदिरात त्यांच्या तौलनिक विचाराचे कार्य चालत आले आहे. भाषेच्या प्रश्नावरून या भागातील पिढ्यांनी पुष्कळ सोसले आहे. आपल्या भाषेचा अभिमान सोडावा असे मी म्हणणार नाही. परंतु अभिमानाला द्वेषाची जोड न देता तो बाळगता येतो, याचा पुरावा आपल्या दाराशीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. साधी राहणी आणि संतभक्ती यांना जोडणारा दुवा म्हणजे नेम. साधेपणा नेमाला वेळ मिळवून देतो. संतावरील निष्ठा नेमाला दिशा देते आणि उत्साह ओसरल्यावरही तो मोडू देत नाही. शांतीचा पाठलाग करणाऱ्याच्या हाती ती लागत नाही, असा बहुतेकांचा अनुभव आहे; कारण तो दर घटकेला, शांत झालो की नाही, हेच चाचपून पाहत असतो. नेम करणारा तिकडे लक्ष देत नाही. तो ठरल्या वेळी बसतो, ठरल्या वेळी उठून आपल्या कामाला लागतो, आणि कालांतराने घरच्यांना जाणवू लागते की, हा मनुष्य पूर्वीइतका चिडत नाही.

आपल्यापैकी कित्येक माजी विद्यार्थी आता निवृत्त आहेत, कित्येक ऐन धकाधकीत आहेत. गुरुदेवांइतका वेळ आपल्याला देता येणार नाही. पण शाळेने आपल्याला एक गोष्ट पूर्वीच शिकविली आहे : घंटा झाली की, हातातले ठेवून जागेवर बसावयाचे. दिवसातला अर्धा तास असा राखून ठेवावा, आपल्याला प्रिय असलेल्या संताचे नाव किंवा त्याचा ग्रंथ त्यात असावा, आणि त्या अर्ध्या तासासाठी आपल्या गरजांपैकी एखादी गरज कमी करावी. वर्षभराने हिशेब पाहावा. तो स्वतःच्या मनाला विचारून पाहण्यापेक्षा घरातल्या माणसांना विचारलेला बरा; ती अधिक खरे सांगतील.